पोट उचलणारी कडी

उस्ताद,

आपल्याला जाऊन इतकी वर्षे झाली की इंदापुरात आपल्या कारखान्याच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे, आणि तिथे कधी लेथमशीन फिरत होते हे त्या दुकानदाराला ठाऊकही नाही. तरीही गेले काही आठवडे माझ्या मनात जे उसळते आहे, ते सांगायला मला आपल्याशिवाय दुसरा माणूस सुचत नाही. मुलगा ऐकतो, परंतु ऐकताना घड्याळ पाहतो. पत्नी स्वतःच त्या हकिकतीच्या मध्यभागी आहे, तिला मी नवीन काय सांगणार? माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, हे आपण जाणताच. तरी शुद्ध बोलण्याचा आणि शुद्ध लिहिण्याचा माझा हट्टही आपण जाणत होतात. "काय मास्तर, आज पाटी आणली न्हाय का?" असे म्हणून आपण सर्व कारागिरांसमोर मला हसायचात. आज त्या हट्टाचा उपयोग करतो आणि प्रथम मुख्य गोष्ट सांगून टाकतो. आपल्या या शिष्याने केलेल्या पेट्यांवर बारा डॉक्टर पोटाची नवी शस्त्रक्रिया शिकले, आणि त्यांच्यातल्या एका बाईने त्याच रीतीने माझ्या पत्नीच्या पोटातली पित्ताची पिशवी काढली. 

सुरुवात अशी झाली. मागच्या उन्हाळ्यात बारामतीच्या एमआयडीसीत, आमच्या शेडच्या दारात एक स्कूटर थांबली. उतरल्या त्या तिशी ओलांडलेल्या डॉक्टरबाई. इंदापुरात त्यांचा लहानसा दवाखाना आहे. मुलगा संगणकावर चालणाऱ्या यंत्रापाशी होता. त्याच्याकडे न पाहता त्या सरळ माझ्या खुर्चीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "काका, मी शेळगावची. आमच्या गुऱ्हाळाचा चरक अडला की माझं वडील तुमच्याकडंच यायचं. तुमी बी शेळगावचंच न्हवं?" एवढी शिकलेली बाई, परंतु आपल्या माणसाशी बोलताना गावची बोली सोडत नाही, हे मला त्याच क्षणी आवडले. त्यांनी एका लोखंडी कडीचे छायाचित्र पुढे ठेवले आणि तशा बारा कड्या व बारा पेट्या मागितल्या. मुलगा लांबूनच म्हणाला, "मॅडम, बारा नगांसाठी मशीन लावणं जमायचं न्हाय." त्यावर बाई म्हणाल्या, "मला मशीन कुठं पायजे? मला काका पायजेत." उस्ताद, मी उभा राहिलो तो खुर्चीचा आधार न घेता.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्या काळात आपण ऐकले नसेल. पोट लांब चिरण्याऐवजी दोन-तीन लहान भोके पाडतात, एका भोकातून कॅमेरा आत घालतात, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारे घालतात आणि पडद्यावर पाहून आतले काम करतात. आत पाहायला जागा हवी म्हणून पोटात वायू भरून ते फुग्यासारखे फुगवतात. त्यासाठी वायूचे यंत्र लागते, टाक्या लागतात, संपूर्ण भूल देणारा डॉक्टर पूर्ण वेळ हजर लागतो. लहान गावातल्या दवाखान्यात हे सर्व एकाच वेळी कुठून मिळणार? वीज असते तेव्हा टाकी संपलेली असते, आणि टाकी असते तेव्हा भूल देणारे डॉक्टर बारामतीत दुसऱ्या रुग्णापाशी असतात. म्हणून काही जाणत्या शल्यचिकित्सकांनी वायूवाचूनची रीत काढली आहे. किल्ल्यांच्या कडीत किल्ली जशी फिरवत ओवतात, तशी एक कडी बेंबीजवळच्या भोकातून फिरवत आत नेतात आणि बाहेरच्या खांबाला लावून पोटाची भिंत हलकेच वर उचलतात. भूल पाठीच्या मणक्यातून दिली तरी चालते. बाईंनी मला ते एका वाक्यात समजावले, "पोट म्हंजे तंबू समजा, काका. आत वारं भरायचं न्हाय, कापडच वरनं उचलून धरायचं."

बारामतीतल्या एका रुग्णालयात ही रीत शिकवण्याचा वर्ग भरणार होता. लहान लहान गावांतले बारा शल्यचिकित्सक येणार होते आणि शिकवायला बाहेरगावाहून एक ज्येष्ठ सर येणार होते. अडचण अशी की खरी कडी एकच होती आणि ती सरांच्या हातात राहणार होती. बारा जणांनी पाळीपाळीने एकदा हात लावायचा आणि घरी जायचे, याला शिकणे कसे म्हणायचे? म्हणून प्रत्येकाला स्वतःची पेटी हवी होती. वर पोटाच्या जागी जाड रबर, खाली पोकळी, आत दिवा आणि मोबाइलचा कॅमेरा. रुग्णाच्या पोटात जाणारी कडी कंपनीची असते, तपासून शिक्का मारलेली असते. ती मी केलेली नाही, आणि कोणी तसे म्हटलेच तर मी त्याला तिथेच दुरुस्त करतो. मी केल्या त्या शिकण्याच्या कड्या. परंतु त्या मी अशा केल्या, उस्ताद, की आपण असतात तर दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिल्या असत्या. गज वाकवण्याचा साचा मी स्वतः कोरला. कुठेही बोचरी कोर राहिली नाही, हे कापसाचा बोळा फिरवून पाहिले. कापसाचा एकही धागा अडकला नाही. नंतर तीन दिवस मी त्यांना बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून घासले आणि बाराही कड्या आरशासारख्या केल्या.

इथेच माझी चूक झाली. वर्गाच्या पहिल्या दिवशी पेट्या मांडल्या, कड्या आत गेल्या, रबर तंबूसारखे वर उचलले गेले आणि सर्वांनी दिवे लावले. पडद्यावर काय दिसावे? पांढरा लखलखाट! माझ्या कड्यांवरून दिवा असा परतत होता की चिमट्याने उचलण्याच्या सरावासाठी आत ठेवलेले शेंगदाणे कुठे आहेत हे कोणालाच दिसेना. सर चष्मा काढून म्हणाले, "काम फार सुंदर आहे हो. लग्नात घालायला चालेल." अकरा डॉक्टर हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, फकस्त चकाकी काढायची. बाकी काय बी हात लावू नका." मी मान खाली घालून कड्या पिशवीत भरल्या. आणि त्या क्षणी मला आपलाच आवाज ऐकू आला.

मी आपल्याकडे येऊन वर्षही झाले नव्हते, मिसरूड नुकते फुटलेले. निमगावच्या एका शेतकऱ्याच्या पंपाचे धड माझ्याकडे दिले होते. मी ते बाहेरून असे चकचकीत केले की शेजारचा चहावाला पाहायला आला. आपण येता, धड हातात घेता, बाहेरून एकदाही पाहत नाही. माझे बोट धरून आतल्या भोकात घालता. आत हत्याराच्या खरखरीत रेघा तशाच आहेत. "आरसा केलास व्हय रं मास्तर? लई ब्येस. आता मला सांग, पानी आतनं जातंय का भायेरनं?" सर्व जण हसतात, मी रडकुंडीला येतो, आणि आपण ते धड पुन्हा लेथवर चढवून माझ्या शेजारी उभे राहता, ते माझे काम पुरे होईपर्यंत. आपण जेवायलाही गेला नाहीत. अपमान मी अनेक वर्षे लक्षात ठेवला. आपण जेवला नाहीत, हे मात्र मला वर्गातून पिशवी घेऊन परतताना प्रथम लक्षात आले.

आमच्या शेडपासून चौथ्या शेडमध्ये वाळूचा मारा करून लोखंड साफ करतात. तिथला सुपरवायझर कड्या पाहून म्हणाला, "आबा, लोक हितं चकाकी आणाया येत्यात, आन् तुमी घालवाया आलाय?" मी त्याला सांगितले की बारीकातली बारीक वाळू वापर आणि एकसारखा मारा कर. बाहेर आल्या तेव्हा कड्या राखेने घासून ठेवलेल्या भांड्यांसारख्या मंद दिसत होत्या. माझी तीन दिवसांची मेहनत गेली होती. परंतु दुसऱ्या दिवशी त्या आत घातल्या आणि पडद्यावर प्रत्येक शेंगदाणा, त्याच्या सालीवरच्या रेघांसह, स्वच्छ दिसला. सर्वांत आधी टाळी सरांनी वाजवली.

मी तिथून निघणार होतो, परंतु पाय निघेना. बारा शिकलेली माणसे लांब चिमट्यांनी एका वाटीतले शेंगदाणे दुसऱ्या वाटीत टाकत होती आणि ते त्यांना जमत नव्हते! करमाळ्याकडचे एक धिप्पाड डॉक्टर घाम पुसून म्हणाले, "ही चिमटीच उलटी हाय राव. मी उजवीकडं जातोय, ती डावीकडं जातीय." मला राहवले नाही. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, चिमटी उलटी नाही. ते भोक म्हणजे बिजागरी आहे. पहारीचे वरचे टोक तुम्ही इकडे ढकलले तर खालचे तिकडेच जाणार." सर्व जण माझ्याकडे वळले. सरांनी विचारले, "हे तुम्हाला कोणी शिकवले?" आणि मी आपल्याविषयी सांगू लागलो. माझ्या डोळ्यांवर तेलाने माखलेले फडके बांधून आपण मला नळीत वाकडी तार घालायला लावायचात. आत कुठेतरी आपण एक खाच पाडलेली असायची, आणि ती किती खोल आहे हे मला केवळ हाताला जाणवेल तेवढ्यावर सांगावे लागायचे. चुकलो की आपण दुसरी नळी द्यायचात. ओरडायचा मात्र नाहीत. सरांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या अशा बारा नळ्या आणाल का?"

आणल्या! प्रत्येकीत खाच वेगळ्या खोलीवर. वर्गाच्या उरलेल्या दिवसांत रोज सकाळचा पहिला अर्धा तास माझा होता. बारा शल्यचिकित्सक डोळ्यांवर रुमाल बांधून माझ्यासमोर बसले होते, आणि मी, चौथी शिकलेला, पाठीमागे हात बांधून त्यांच्यामधून फिरत होतो. करमाळ्याचे डॉक्टर मला "सर" म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिले, की दुसरे कोणी आले आहे काय.

त्या बारांमध्ये सर्वांत वाईट हात कोणाचा असेल? डॉक्टरबाईंचा. मला ते मान्य करायला जड गेले, कारण त्या आमच्या गावच्या. चिमटा त्या इतका घट्ट धरायच्या की अंगठ्यावर वळ उठायचा. नळीत तार घातली की दाबत जायच्या आणि खाच ओलांडून पुढे निघून जायच्या. एका सकाळी मी सर्वांसमोर बोललो, "बाई, आपण नळीला विचारत नाही आहात, तिला हुकूम देता आहात."  त्यांचे डोळे रुमालाखाली होते, परंतु कान लाल झालेले मला दिसले. "आणखी एक नळी द्या, काका," एवढेच त्या म्हणाल्या. वर्ग संपला तेव्हा त्यांनी एक पेटी आणि सहा नळ्या इंदापूरला नेल्या. दवाखान्यात एक रुग्ण बाहेर गेला आणि दुसरा आत येईपर्यंत त्या शेंगदाणे उचलायच्या. दर रविवारी मुलाच्या मोबाइलवर चित्रफीत यायची. मुलगा म्हणायचा, "आबा, तुमच्या डॉक्टरीणबाईंचं शेंगदाणं आलं बगा." मी चष्मा लावून त्यांचा अंगठाच पाहायचो. दिवाळीपर्यंत वळ उठायचा थांबला. मग सरांच्या देखरेखीखाली त्यांनी आपल्याच दवाखान्यात या रीतीने पहिल्या शस्त्रक्रिया केल्या आणि ते रुग्ण आपल्या पायांनी घरी गेले.

थंडीत माझ्या पत्नीला जेवणानंतर बरगडीखाली कळा येऊ लागल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, आणि पिशवी काढावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. तिची थोरली बहीण याच दुखण्याने पोट चिरून घेऊन महिनाभर अंथरुणावर होती, आणि तिचे सर्व पत्नीने केले होते. त्यामुळे तिचा पहिला शब्द होता, "माझं पोट उसवायचं न्हाय." मी तिला नवी रीत समजावली, कडी समजावली, तंबू समजावला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "ते समदं ऱ्हाऊ द्या. त्या पोरीचा हात कसा हाय? खरं सांगा, भाषण नगं." उस्ताद, आयुष्यभर मी माणसांचे हात पाहून कामे दिली. या एका हाताविषयी मला तिला होय किंवा नाही एवढेच सांगायचे होते. चुकलो असतो तर पंप बिघडणार नव्हता, माझ्या घरातले माणूस जाणार होते. मी भाषणच दिले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी इंदापूरच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलो आहे. त्या दिवशी सर मुद्दाम आले आहेत आणि डॉक्टरबाईंच्या शेजारी उभे आहेत. पत्नीला मणक्यातून भूल दिली आहे, म्हणजे ती जागी आहे, आणि गप्प बसणे तिच्या स्वभावात नाही. दारामागून मला केवळ भांड्यांचा आवाज येतो. आत काय झाले ते तिनेच नंतर सांगितले. "मी म्हणलं, झालं का गं? तर म्हणती कशी, काकी, आताशी कुठं दार उघडलंय." मग म्हणाली, "मधीच ती थांबली. हात भायेर काढून उभी ऱ्हायली. मोठं डॉक्टर म्हणलं, मी करू का? तर म्हणली, न्हाय सर, मला हितलं नीट उमगंना झालंय, जरा उमगू द्या. मग कॅमेरा हिकडं तिकडं फिरवाया लावला, आन् जरा येळानं म्हणली, हां, आता उमगलं." हे ऐकताच मी पलंगाच्या कठड्यावर एवढ्या जोराने हात मारला की परिचारिका धावत आली! हात थरथरत नाही असे कारागीर मी पुष्कळ पाहिले. उमगत नसेल तेव्हा मोठ्या माणसासमोर यंत्र थांबवणारे मी माझ्या उभ्या आयुष्यात किती पाहिले असतील? आपण एक. मी स्वतः त्यांत बसतो की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी पत्नीने चहा मागितला. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला हात न लावता दारापर्यंत चालत गेली आणि पोटावरच्या तीन लहान पट्ट्या पाहून म्हणाली, "एवढंच? ह्यासाठी तुमी हितकं बोललात?" आज ती भाकरी थापते आणि मला पीठ मळू देत नाही.

गेल्या आठवड्यात बारामतीत दुसरा वर्ग भरला. नवे बारा डॉक्टर, त्याच पेट्या, त्याच नळ्या, आणि शिकवायला सरांच्या जोडीला इंदापूरच्या डॉक्टरबाई. मला पहिल्या रांगेत बसवले होते. बाई सर्वांसमोर म्हणाल्या, "पहिल्या वर्गात माझा हात सर्वांत वाईट होता. काकांनी तो पाहिलेला होता. तरीसुद्धा त्यांनी आपल्या घरचं माणूस माझ्या हाती दिलं, तेव्हा माझा माझ्यावर विश्वास बसला." टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो, हात जोडले आणि मान डोलावली.

खरे ते आपल्याला सांगतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या त्या सकाळी मी गाडी पुण्याला जायला ठरवली होती. तिथल्या मोठ्या रुग्णालयात एका ओळखीच्या माणसाकडून वेळ घेऊन ठेवली होती, आणि डॉक्टरबाईंना वाटेतून दूरध्वनीवर काहीतरी कारण सांगायचे, असा माझा बेत होता. पत्नी गाडीत बसली. बारामती मागे पडली तेव्हा तिने खिडकीतून पाहिले. "ही वाट इंदापूरची न्हवं." मी म्हणालो की तिकडे यंत्रे मोठी आहेत. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हंजे त्या बारा जणास्नी तुमी जे शिकवलं, ते खोटं शिकवलं व्हय?" ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे पाहत होता.  "गाडी फिरव रं," ती त्याला म्हणाली, "इंदापूरला घे." त्याने फिरवली. आम्ही पुन्हा बारामतीतून इंदापूरला गेलो.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचा पत्ता मला तोंडपाठ आहे. ही कबुली खरी त्यांनाच द्यायची, परंतु तिथे टाकलेले पत्र दोन दिवसांत पोचते. म्हणूनच हे आपल्याला लिहिले.